सतरा नंबरचा फोटो

कुणी काहीही हातात दिलं की मी ते आधी उलटून पाहते. पावती असो, पाकीट असो, नाहीतर लग्नाची पत्रिका. ही सवय वडिलांची. बाजारातून आणलेली भाजी ते घरच्या तागडीत पुन्हा तोलायचे, आणि वजन बरोबर भरलं तर त्यांना उलट जास्तच चैन पडायचं नाही. आज याने बरोबर का दिलं, याच विचारात ते जेवायचे. आम्ही भावंडं त्यांना हसायचो. पुढे मी शिक्षिका झाले, लग्नानंतरही जव्हारलाच राहिले, आणि एक दिवस नवऱ्याने आणलेली साखर मीच पुन्हा तोलायला बसले. त्या दिवसापासून वडिलांना हसणं बंद केलं.

जव्हारच्या स्टुडिओवाल्याला माझा हा गुण चांगला ठाऊक होता. रोलच्या काळात मी फोटो घ्यायला गेले की आधी निगेटिव्हच्या पट्ट्या मागायचे आणि दुकानाच्या दारात उजेडाला धरून एकेक मोजायचे. रोल छत्तीसचा, फोटो चौतीस, मग दोन कुठे गेले? तो म्हणायचा, बाई, दोन हलले, ते छापून काय करायचं. मी म्हणायचे, हललेलेही दाखवा. तो दाखवायचा. ते खरंच हललेले असायचे. तरीसुद्धा पुढच्या वेळी मी पुन्हा मोजायचेच.

मग ठाण्याच्या भावाने मला डिजिटल कॅमेरा आणून दिला आणि माझी पंचाईत झाली. निगेटिव्ह नाही, रोल नाही, मोजायचं काय? फोटो काढला की मागच्या काचेवर दिसायचा, पण तो नक्की होता कुठे? नखाएवढ्या कार्डात शंभर माणसं बसतात हे मला पटायला फार दिवस लागले. ते कार्ड स्टुडिओवाल्याच्या हातात द्यायला तर मी साफ नकार दिला. त्याने त्यातलं काही पुसलं तर मला कळणार कसं? त्यासाठी मी घरच्या कॉम्प्युटरवर फोटो उतरवून घ्यायला शिकले, सीडी भरायला शिकले, आणि प्रत्येक फोटोला नंबर आणि नाव द्यायला शिकले. लोक हौसेने शिकतात, मी संशयापोटी शिकले.

माझी शाळा मोखाडा तालुक्यात, पोशेऱ्याच्या पलीकडे डोंगरात एका पाड्यावर होती. सकाळची एसटी, पुढे जीप, आणि शेवटचा तुकडा पायी. तिथली माणसं भात आणि नागली पिकवायची, आणि पावसाळा सरला की वीटभट्टीला नाहीतर भिवंडी-ठाण्याच्या बांधकामावर जायची. संशयाच्या बाबतीत ती माझी गुरू होती. कॅमेरा दिसला की घरात शिरायची. त्यांच्याकडे कारण होतं. जव्हारकडच्या वावर-वांगणीला कुपोषणाने मुलं दगावली त्या सुमारास शहरातून खूप माणसं गाड्या घेऊन आली होती, मुलांना उघडं उभं करून फोटो काढून गेली होती, आणि त्यातला एकही फोटो परत पाड्यावर आला नाही. फोटो नेणारा माणूस परत येत नाही, हे त्यांनी पाहून ठेवलं होतं.

त्यामुळे वनजमिनीचे दावे भरायची वेळ आली तेव्हा ग्रामसेवकाने माझ्या गळ्यात काम टाकलं. कित्येक वर्षं ही माणसं जंगलातले प्लॉट कसत आली होती, पण कागद कुणाकडेच नव्हता. आता कागद मिळणार होता, आणि तो नवरा-बायको दोघांच्या नावाने मिळणार होता. ग्रामसेवक म्हणाला, फायलीला प्रत्येकाचा प्लॉटवर उभं राहून काढलेला जोडीचा फोटो लावू या. उभा फोटो, पायापर्यंत पूर्ण, मागे जमीन दिसली पाहिजे, आणि पोस्टकार्ड साइझ, म्हणजे चार बाय सहा इंच. बाहेरचा फोटोवाला आणला तर कुणी उभं राहणार नाही, तुम्ही रोज दिसता. मी आधी विचारलं, हे असं कुठे लिहिलंय ते दाखवा. त्याने कपाळाला हात लावला. शेवटी मी तयार झाले.

होळीला पंधरा दिवस होते. होळीपर्यंत झाडून सगळी माणसं पाड्यावर येतात, नंतर पुन्हा पांगतात. दोन रविवारांत मी तेवीस जोड्यांचे फोटो काढले, बांधाबांधाने फिरून.

फोटोपेक्षा अवघड होतं ते माणसांना उभं करणं. चारचौघांत नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभं राहणं तिकडच्या बायकांना ठाऊक नव्हतं, आणि पुरुषांना तर त्याहून नव्हतं. दोघं मिळून आयुष्यभर चिखल तुडवतील, पण कॅमेऱ्यासमोर आली की मधून म्हैस जाईल एवढी जागा सोडून उभी राहायची. बाई वर एक पाऊल मागे. जवळ या, जवळ या, असं ओरडून माझा घसा बसला. मग मला युक्ती सुचली. एका घरातून सूप मागून घेतलं आणि सांगितलं, याची एक कड तुम्ही धरा, एक त्यांना धरू दे. सूप धरायचं म्हटल्यावर दोघं आपोआप जवळ यायची, हाताला काम मिळाल्यामुळे लाजही जायची. एका जोडीचं झालं की सूप पुढच्या जोडीकडे जायचं. फोटो काढला की मी वहीत नंबर लिहायचे आणि पुढे पुरुषाचं नाव.

सतरा नंबरला जी जोडी होती तिच्याबद्दल आता सांगितलं पाहिजे.

ती बाई माझ्याच वयाची, चाळिशीच्या आसपासची. तिची तीन मुलं माझ्या हाताखालून गेली होती. नवरा तिच्यापेक्षा बराच मोठा, छातीने अधू, चढ चढताना दोनदा बसायचा. ती त्याच्या घरात येऊन वीस वर्षं झाली होती, पण लग्न लागलेलं नव्हतं. यात तिकडे कुणाला काही वाटत नाही. लग्नाचा मांडव म्हणजे सगळ्या पाड्याला जेवण, आणि ते जमेपर्यंत माणसं थोडीच थांबतात? दोघं एकत्र राहायला लागतात, मुलं होतात, आणि सवड होईल तेव्हा हळद लागते. तिच्या धाकट्या दिराचं लग्न तर त्याच्याच थोरल्या मुलाच्या लग्नाबरोबर एकाच मांडवात लागलं होतं. मी स्वतः जेवून आले होते.

पण हाच दीर आता दावे तपासणाऱ्या वनहक्क समितीत होता, आणि त्याने बोलायला सुरुवात केली होती की लग्न लागलं नाही तर ती बायको कशी? प्लॉट भावाच्या एकट्याच्या नावाने भरू, मागाहून बघू. मागाहून म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. भाऊ किती दिवसांचा होता ते दिसतच होतं. ती एकदा शाळेच्या पायरीवर बसून मला म्हणाली होती, "बाई, याला उद्या काय झाला तर मला त्या प्लॉटावर कोण उभा करील? कागदावर मी नसंल तर दीर सांगंल, जा तुझ्या बापाकडं." तिचा बाप केव्हाच गेला होता. तिला त्या फायलीत तिच्या नावाबरोबर स्वतःचा चेहरा हवा होता. दुसरं तिने कधी काही मागितलं नाही.

सतराव्या नंबरचा फोटो काढताना काय झालं ते मी आता लिहिते आहे, तेव्हा मात्र मी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं. ती दोघं येऊन उभी राहिली. मधे नेहमीचं अंतर, ती एक पाऊल मागे, हातात कोयता. सूप माझ्या पायाशी पडलेलं होतं. मी ते उचललं नाही. जवळ याही म्हणाले नाही. दीर बांधावर उभा राहून बघत होता, आणि माझ्या मनात आलं की यांचं लग्न लागलेलं नाही, मी सरकारी नोकर, उद्या कुणी म्हणालं की बाईंनी मुद्दाम जोडी बनवून उभी केली, तर? ऊन चढलं होतं हे खरं. पण बावीस जोड्यांना उन्हात सूप दिलं आणि एकीलाच दिलं नाही, हेही खरं. दोघं चौकटीच्या दोन कडांना मावली, मी बटण दाबलं आणि पुढे गेले.

घरी येऊन मी फोटो कॉम्प्युटरवर उतरवले आणि नावं द्यायला बसले. आधी नंबर, मग पुरुषाचं नाव, आणि शेवटी इंग्रजीत चार अक्षरं, जोडी. स्टुडिओवाल्याने एकदा सांगितलं होतं की नाशिकच्या लॅबमधलं मशीन फोटोच्या पाठीवर हे नाव बारीक अक्षरांत छापतं, म्हणजे अदलाबदल होत नाही. ही सोय मला फार आवडली होती. माझ्यासारख्या माणसासाठीच कुणीतरी ती केली असणार असं मला वाटायचं. तेवीस नावं देऊन मी सीडी भरली, दोनदा तपासली, आणि जव्हारच्या बाजारातून जाऊन स्टुडिओवाल्यापुढे ठेवली.

त्याने फोटो उघडले आणि डोकं खाजवलं. म्हणाला, बाई, उभा धरला तरी तुमच्या कॅमेऱ्याचा फोटो रुंद आणि बुटका येतो, चार बाय सहाचा कागद त्यापेक्षा निमुळता. फोटो पूर्ण घेतला तर कागदावर वर-खाली पांढरी पट्टी राहील. कागद पूर्ण भरायचा तर दोन्ही बाजूंनी थोडं कापावं लागेल. कसं करू?

आता हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. कॅमेरा चांगला, कागद चांगला, मग एकमेकांत बसत का नाहीत? मला वाटलं, हा मोठा कागद माझ्या गळ्यात मारतोय. मी विचारलं, रोलच्या वेळी कसं बसायचं? तो म्हणाला, रोलची चौकट या कागदाच्या मापाची होती, या कॅमेऱ्यांची टीव्हीच्या मापाची आहे. मग त्याने चार बाय सहाचा एक पुठ्ठा माझ्या आधी छापलेल्या एका फोटोवर धरून दाखवला. खरंच दोन्ही बाजूंना बोटभर पट्टी बाहेर राहत होती. तरी मला त्या पांढऱ्या पट्टीचाच जास्त संशय आला. पोस्टकार्ड साइझचे पैसे घेऊन हा आत लहान फोटो देणार आणि वर कोरा कागद खपवणार, असं माझ्या डोक्यात बसलं. शिवाय सरकारी फायलीत कोरी जागा नको, कोरी जागा दिसली की कुणीतरी त्यात काहीतरी लिहितं.

मी त्याला सांगितलं, पट्टी अजिबात नको, कागद पूर्ण भरा. फक्त माणूस कापू नका.

तो म्हणाला, "माणूस नाही कापत बाई. मी एकेक फोटो बघून चौकट सरकवून घेतो."

तीन दिवसांनी पाकीट आलं. मी दुकानातच फोटो मोजले, तेवीस भरले. पाठीवरचे नंबर पाहिले, एक ते तेवीस क्रमाने होते. सरळ बाजूने मी ते भराभर चाळले, कारण एसटी लागली होती. आयुष्यभर मी वस्तू उलटून पाहत आले, आणि त्या दिवशी फक्त उलटूनच पाहिली.

शाळेच्या ओट्यावर फोटो वाटले. कॅमेऱ्याला घाबरणारी माणसं फोटोला मात्र दोन्ही हातांनी धरत होती. कुणाचा फोटो कुणासारखा आलाय यावर हसणं चाललं होतं. मग ती बाई माझ्यासमोर आली. हातातला फोटो तिने माझ्याकडे केला. त्यात तिचा नवरा होता, डावीकडे, पायापर्यंत पूर्ण, मागे त्यांचा प्लॉट, आणि उजव्या कडेला लुगड्याचा एक तुकडा आणि कोयत्याचं टोक. ती नव्हती.

दीर फोटोकडे एकदा वाकून बघून बाजूला झाला. त्याच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसलं, किंवा मी ते शोधत होते म्हणून दिसलं.

"कोणी कापली मला?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

मी म्हणाले, मशीनची चूक असेल, बघते. हे बोलतानाच मनात एकच गोष्ट आली, की हे दिराचं काम आहे. आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणालंच की गेल्या बाजाराला तो जव्हारला त्याच स्टुडिओत शिरताना दिसला होता. मला आणखी काय पाहिजे होतं? बाकी पुरावा माझा मीच जोडला. दीर स्टुडिओत गेला, सीडी तिथेच होती, दोघांचं काहीतरी ठरलं, आणि एक बाई फोटोतून गेली. फायली सोमवारी मोखाड्याला जायच्या होत्या. तो गुरुवार होता. मी तिला म्हणाले, शनिवारी नवीन फोटो आणते, आणि ज्याने हे केलंय त्यालाही सोडत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा माझ्यावरही विश्वास नव्हता, आणि मला त्याचा राग आला, हेही खरंच सांगते.

त्या संध्याकाळी घरी न जाता मी सरळ स्टुडिओत गेले. गिऱ्हाईक होतं, तरी थांबले नाही. पाकीट काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, समितीच्या त्या माणसाने तुम्हाला काय सांगितलं होतं?

तो गोंधळला. कुठला माणूस? मी दिराचं वर्णन केलं. त्याने आठवलं आणि एका खोक्यातून पाकीट काढून दाखवलं. दीर आला होता तो स्वतःचे पासपोर्ट फोटो काढायला, ते न्यायला अजून आलाच नव्हता. त्याच्या फायलीला लागणारे होते. सीडीबद्दल त्याने शब्द काढला नव्हता.

माझा विश्वास बसला नाही. मी म्हणाले, मग सतरा नंबरची बाई कुठे गेली? त्याने कॉम्प्युटर सुरू केला, माझी सीडी घातली आणि मला खुर्ची दिली. एकेक फोटो उघडून त्यावर चार बाय सहाची चौकट कशी बसवली ते तो दाखवू लागला. पहिल्या फोटोत सूप मधोमध, दोघं दोन बाजूंना चिकटून, चौकट दोघांना घेऊन आरामात बसत होती. दुसऱ्यात तसंच. बारा नंबरला एक म्हातारी जरा कडेला होती, तर त्याने चौकट तिच्या बाजूला ओढून घेतली होती आणि म्हाताऱ्याच्या कोपराचा थोडा भाग सोडला होता. माणूस कापू नका म्हणाला होतात ना, असं म्हणत तो पुढे गेला. काम खरंच मन लावून केलेलं होतं.

मग सतरा नंबर. मूळ फोटोत ती होती. पूर्ण होती, पायापासून डोक्यापर्यंत, उजव्या कडेला. त्याने चौकट ठेवून दाखवली. मधे ठेवली तर दोघांचाही अर्धा चेहरा जात होता. एकालाच पूर्ण घेता येत होतं.

"मग तुम्ही पुरुषच का घेतलात?" मी विचारलं.

त्याने खालच्या नावावर बोट ठेवलं. "बाई, सगळ्यांच्या नावापुढे तुम्ही जोडी लिहिलंय. यांच्या पुढे नाही लिहिलं. मला वाटलं हा एकट्याचा फोटो आहे, आणि मजूर बाई कुणीतरी मधे आली असेल. लांब उभी आहे ना."

मी पडद्याकडे पाहिलं. सोळा, जोडी. अठरा, जोडी. मधल्या ओळीत नंबर आणि त्याचं नाव, आणि पुढे काही नाही. ते नाव मीच दिलं होतं. घाईत राहिलं असेल असं मी त्याला म्हणाले. तो म्हणाला, असेल. पण बावीस ठिकाणी न चुकलेला माझा हात एकाच ठिकाणी कसा चुकला, ते मला तिथे खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. हात चुकला नव्हता. जोडी लिहिताना तो थांबला होता. लग्न लागलं नाही तर ती बायको कशी, हे दीर तोंडाने म्हणाला होता, मी ते फोटोत आणि कॉम्प्युटरवरच्या नावात लिहून दिलं होतं. मला माझीच लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, की हे तिला कळलं तर?

मी स्टुडिओवाल्याला सांगितलं, हा फोटो पूर्ण घ्या, काही कापू नका. तो म्हणाला, पट्टी राहील. राहू दे म्हणाले. आणि नावापुढे ती चार अक्षरं घाला. त्याने माझ्यासमोर घातली. रात्रीच्या गाडीने सीडी नाशिकला गेली आणि शनिवारी दुपारी फोटो हातात आला. या वेळी मी तो सरळ बाजूने पाहिला, एसटी सुटली तरी पाहत राहिले. वर कोरी पट्टी, खाली कोरी पट्टी, मधे दोघं, त्यांच्यातल्या अंतरासकट.

पाड्यावर पोचले तेव्हा ती दारात नागली पाखडत होती. मी फोटो दिला. तिने आधी स्वतःला शोधलं, सापडल्यावर अंगठा अलगद त्यावर ठेवला. मग पट्टीवर बोट फिरवून विचारलं, हा कोरा कशाला सोडला? मी सांगितलं, ही पट्टी सोडली की दोघांतलं कुणी कापलं जात नाही. तिने मान हलवली. मला वाटलं, सुटले.

ती आत गेली आणि पहिला फोटो घेऊन बाहेर आली. दोन्ही फोटो तिने ओट्यावर पालथे ठेवले, एकाखाली एक. तिला वाचता येत नव्हतं. वीस वर्षं अंगठा उठवत आलेली बाई. पण तिने बोट दोन्ही ओळींवरून हळूहळू नेलं, आणि शेवटी थांबवलं.

"याच्यावर एवढाच होता. याच्यावर चार अक्षरा जास्ती हायेत. शेजारणीच्या फोटोवर बी हीच हायेत, मी बघलाय. काय लिवलाय ते?"

खोटं सांगायचं मनात आलं होतं, लपवत नाही. तारीख आहे, मशीनचा नंबर आहे, काहीही सांगता आलं असतं. तिने ते ऐकून घेतलं असतं आणि विश्वास ठेवला नसता. मी म्हणाले, "जोडी."

बाजूला ठेवलेलं नागलीचं सूप तिने जवळ ओढलं.

"सूप बी आमाला नाय दिला तू," ती म्हणाली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं, "माझ्या तीन पोरांची नावा शाळंत लिवलीस, तवा आईच्या जागंवर माझा नाव तूच लिवलास ना? तवा नाय इचारलास, लगीन लागलाय का?"

नव्हतं विचारलं. तीनदा लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात.

सोमवारी मी रजा टाकली आणि तिच्याबरोबर मोखाड्याला गेले. शाळेच्या दाखलनोंदीच्या नकला सही-शिक्का मारून बरोबर घेतल्या होत्या. दीर समितीबरोबर तिथे होताच. त्याने लग्नाचं काढलं, तेव्हा मी नकला पुढे केल्या, आणि गरज नसताना त्याच्या स्वतःच्या लग्नाचा मांडवही काढला. बाकीची समिती हसली. तो हसला नाही, पण पुढे बोललाही नाही. अर्जावर दोघांची नावं राहिली. फोटो चिकटवायला घेताना कारकुनाने कोऱ्या पट्ट्या कापायला कात्री उचलली, तेव्हा तिने फोटोवर तळहात ठेवला. कारकून म्हणाला, मावशी, जागेत बसत नाही. ती म्हणाली, नाय बसला तर बाहेर ऱ्हाऊं दे. फोटो जागेच्या बाहेर आलेला तसाच चिकटवला गेला, आणि गोंद वाळेपर्यंत ती तिथून हलली नाही.

परत येताना जीपमध्ये मी तिच्याकडे तो पहिला फोटो मागितला. म्हणाले, चुकलेला आहे, फाडून टाकते. दाव्याचा कागद यायला पुढे फार वर्षं लागली, आणि तो आला तेव्हा त्यावर दोघांची नावं होती. तोवर तिचा नवरा गेला होता. तिला प्लॉटवरून कुणी हलवलं नाही. पण त्या दिवशी जीपमध्ये यातलं काहीच माहीत नव्हतं. तो फोटो बांधलेल्या पदराच्या गाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "नाय बाई. तो ऱ्हाऊं दे माझ्यापाशी."

नंतरही मी त्या पाड्यावर सहा वर्षं होते. ती रोज दिसायची, चहाला थांबवायची, मुलांची चौकशी करायची. तो फोटो मात्र तिने मला परत दिला नाही, आणि दुसऱ्यांदा मागायची माझी छाती झाली नाही.